सकाळचा पराग

२२ सप्टेंबर, सोमवार

ऋतुजाने गाईड बदलून मागितला. म्हणून लिहायला बसले. दुसरं कारण नाही.

सकाळी आली, बसली नाही, उभ्यानेच म्हणाली, "मॅडम, एक सही पाहिजे होती." ना-हरकत! तिच्या पीएच.डी.चं मार्गदर्शन माझ्याकडून काढून श्रीदेवीकडे द्यायला माझी हरकत नाही, असं मीच लिहून द्यायचं. मी म्हटलं, "ठेव तिथं. बघते." तिनं कागद टेबलावर ठेवला, पंखा जोरात होता म्हणून वर पेपरवेट ठेवला आणि गेली. पेपरवेट ठेवायला मीच शिकवलंय.

घरात सांगावं असं कुणी नाही. धाकटा भाऊ विरेश फोन करतो तो माझ्या गुडघ्यांची चौकशी करायला. शेजारच्या अक्कम्माला सांगितलं तर दिवेलागणीपर्यंत सगळ्या शुक्रवार पेठेला कळेल. तेव्हा कागदच बरा. उलट बोलत नाही.

राग आलेला नाही. वाईट वाटलं एवढंच.

— हे खोटं. राग आलाय.

२३ सप्टेंबर

सही केली नाही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

श्रीदेवीबद्दल एकदा लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल.

एम.एस्सी.ला आम्ही एका बाकावर. ती अक्कलकोटची, मी इथली. दोघींचीही घरात बोलायची भाषा कानडी, भांडायची मराठी. गुण मला जास्त होते. (हे लिहायलाच हवं होतं का? हो.) वडील आजारी पडले, मी इथंच कॉलेजात लागले, वनस्पतिशास्त्र शिकवलं, विभागप्रमुख झाले, निवृत्त झाले. ती बंगळूरला गेली, तिथून जर्मनीला. पेशीच्या आत सामान इकडून तिकडे कसं जातं ते पेशी जिवंत असताना बघायचं, हेच तिनं जन्मभर केलं. उंदरांच्या मज्जातंतूंत बघितलं. आता म्हणे "आपल्या गावाकडं" काम करायचंय. पांढऱ्या केसांचा बॉबकट करून आली, आणि येताना केंद्राचं अनुदान घेऊन आली. आमच्याच कॉलेजात, वाळवलेल्या नमुन्यांच्या आमच्याच खोलीत तिनं लेझरचा मायक्रोस्कोप बसवला. माझी कपाटं व्हरांड्यात!

निवृत्तीनंतरही मला विभागात एक खुर्ची आहे, ती ऋतुजा माझ्याकडे नोंदलेली आहे म्हणून. माझी शेवटची विद्यार्थिनी. ती गेली की खुर्ची गेली. खुर्चीचं मला काही नाही. खुर्च्या घरी आहेत.

ऋतुजा नातेपुत्याची. वडील आबासाहेब, डाळिंबाची बाग. आली तेव्हा स्लाइडवर काच ठेवली की हमखास बुडबुडा. मी परत करायला लावायची. परत बुडबुडा, परत करायला लावायची. डोळ्यात पाणी आणून करायची, पण करायची. आता तिच्या काचेखाली बुडबुडा शोधून सापडत नाही. तो हात मी घडवलाय. श्रीदेवीला तयार मिळाला!

२७ सप्टेंबर, शनिवार

आज मशीन बघितलं. इतके दिवस मुद्दाम गेले नव्हते. श्रीदेवी व्हरांड्यात भेटली, हाताला धरून ओढत नेलं. "बा, बा, कूड" — ये, बस. असं घरच्यासारखं कानडीत बोलते आणि माणसाला नाही म्हणता येत नाही. हे तिचं कॉलेजपासूनचं.

खोली अंधारी आणि गार. ऋतुजा पडद्यासमोर. माझ्याकडे बघून उठली, पण अर्धीच. हात माउसवरच.

तिचा विषय मीच दिलेला — डाळिंबाचा पराग ऊन कसं सोसतो. परागकण साखरेच्या पाण्यात ठेवला की त्याला नळी फुटते. फुलात ती नळी खाली उतरते तेव्हा फळ धरतं. नळीच्या टोकाला भिंत बांधायचं सामान बारीक बारीक पिशव्यांतून सतत पोचावं लागतं. पोचलं नाही की नळी थांबली, फूल गळलं. हे मी तीस वर्षं शिकवलं. फळ्यावर नळी काढायची, कडेने पुढे जाणारे बाण काढायचे, मधून मागे येणारे बाण काढायचे. "कडेने जातात, मधून परततात. लिहून घ्या." मुली लिहून घ्यायच्या. मीसुद्धा कुणाचं तरी लिहून घेतलेलंच सांगत होते.

आज ते जाताना बघितलं.

रंग दिलेल्या पिशव्या, हिरवे ठिपके. लेझर नळीच्या एकाच पातळ थरावर नेम धरतो, वरखालचं काही मधे येत नाही. कडेने पुढे निघालेल्या — धक्के खात, मधेच थांबत, एखादी या धाग्यावरून त्या धाग्यावर उडी मारून. टोकाशी गर्दी. मग मधून परत. आणि नळी डोळ्यांदेखत लांब होत होती! माझे बाण किती सरळ होते.

श्रीदेवी म्हणाली, "कसं वाटलं गं?"

मी म्हटलं, "पडद्यावर धूळ आहे."

खरंच होती. ऋतुजानं ओढणीनं पुसली आणि म्हणाली, "ताई, आता बघा." ताई! माझ्याकडे आली त्या दिवसापासून आजपर्यंत मी मॅडम. ही आल्याला वर्ष झालं नाही, आणि ताई!

२९ सप्टेंबर

मी तिला ताई म्हणू दिलं असतं का? नसतंच. तरी.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

मशीनची पूजा केली त्यांनी. माझ्या काळात विभागात पूजा व्हायची ती चिमटे, कात्र्या, बागेतली खुरपी यांची. मायक्रोस्कोप कपाटात, कपाटाला कुलूप. इथं ऋतुजानं मशीनच्या अंगावर हळदकुंकवाची बोटं ओढली. झेंडूचा हार घातला. नारळ बाहेर फोडला, एवढी तरी अक्कल. आणि श्रीदेवी हात जोडून उभी! जर्मनीत राहिलेली बाई!

मी म्हटलं, "भिंगं आहेत ती."

"असू दे की गं. भिंगापासून लांब लावलंय. तिच्या बाबांनी फवारणीच्या पंपाला लावलं, हिनं ह्याला लावलं."

ऋतुजा मान खाली घालून, पण हसत, "आता बहार संपेपर्यंत रोज सकाळी लावणार हाय, मॅडम. आमच्यात पंपाला लावत्यात."

रोज! माझ्यासमोर अशी बोलायची तिची हिंमत नव्हती. "हाय" म्हणायचीसुद्धा नव्हती. तिकडे हिंमत होते.

४ ऑक्टोबर

दुपारी दोघी गुलमोहराखाली डबा खात होत्या. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. श्रीदेवी भाकरी गुडघ्यावर मोडते, अजून. ऋतुजा काहीतरी सांगत होती आणि हसून हसून तिला ठसका लागला. श्रीदेवीने पाठीवर थापट्या मारल्या.

मी माझा डबा विभागात खाल्ला. पोळी वातड झाली होती.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ऋतुजा पळत आली. पळू नये असं व्हरांड्यात लिहिलंय, माझ्याच अक्षरात. "मॅडम, पराग सोताच चमकतोय! रंग न घालता!"

म्हटलं, नीट सांग. सांगितलं. कॉलेजच्या मागच्या डाळिंबांची फुलं ती रोज दोनदा आणते — सकाळी ऊन व्हायच्या आत, आणि जेवणानंतर, ऊन खाऊन झालेली. दोन्हींत एक नमुना रंगाचा, एक बिनरंगाचा. बिनरंगाचा काळा दिसायला हवा. दुपारचा काळा दिसतोच. सकाळचा मात्र निळ्या लेझरखाली हिरवा उजळतो! गेला आठवडाभर, रोज. पिशव्या आपोआप चमकत आहेत, चालत आहेत. म्हणजे डाळिंबाच्या परागात स्वतःचंच काही चमकणारं द्रव्य आहे आणि ते उन्हात जळून जातं. नुसती चमक बघून कोणता पराग उन्हानं मेला ते सांगता येईल.

"श्रीदेवी मॅडम म्हणाल्या, हे कुणीच बघितलेलं नाही."

कुणीच बघितलेलं नाही! माझ्या झाडांवर. ती झाडं मी लावली, विभागप्रमुख असताना, पाण्याच्या टँकरसाठी भांडून.

मी म्हटलं, "बरं. अभ्यास कर."

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

ऋतुजा लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. श्रीदेवीला न सांगता आली, असं वाटलं. "नोव्हेंबरात पुण्याला परिषद हाय... आहे, मॅडम. श्रीदेवी मॅडम हे मांडायचं म्हणतात, माझं नाव पहिलं. पण मला म्हटलं, आधी तुम्ही बघावं. मला कसंतरी वाटतंय. एकदम सोपं सापडलं."

बघितलं. नळी उजळलेली. पिशव्या कडेने पुढे, मधून मागे. सुंदर. आणि खालच्या कोपऱ्यात, नळीच्या बाहेर, एक वेडंवाकडं ढेकूळ. सगळ्यांत तेजस्वी. हलत नव्हतं.

ते ढेकूळ मला ओळखीचं. द्वितीय वर्षाला भेसळीचं प्रात्यक्षिक असतं — मिरची, धणे, हळद. शिजलेल्या पिठाचे असे गोळे फक्त एकाच पुडीत दिसतात. मी ऋतुजाच्या हाताकडे बघितलं. उजव्या अंगठ्याचं नख पिवळं.

सकाळी मशीनला हळद लावते. त्याच बोटांनी पुंकेसर धरते. हातमोज्यांची पूड परागात जाते म्हणून मोजे घालायचे नाहीत, ही शिकवण माझी. दुपारचे नमुने जेवणानंतर. जेवायच्या आधी हात धुतेच, खाऊन झाल्यावर पुन्हा धुते. हळद निळ्या प्रकाशात हिरवी चमकते. पाण्यात धड विरत नाही, पण तेलकट वस्तूत शिरते, आणि त्या पिशव्यांची वेष्टणं तेलकटच. ऊन नाही, पराग नाही, काही नाही. हळद!

सगळं एका क्षणात कळलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

आणि मग मला श्रीदेवी दिसली. पुण्यात, व्यासपीठावर, बॉबकट. कुणीतरी मागून हात वर करून विचारतंय.

मी म्हटलं, "छान आहे."

ऋतुजाला कळेना काय करावं. लॅपटॉप मिटला, परत उघडला. "छान म्हणालात?"

"हो. छान आहे."

लॅपटॉप छातीशी धरून गेली. चपला घालायची विसरून गेली, परत आली.

१४ ऑक्टोबर

खात्री असावी म्हणून विभागातला जुना जांभळा दिवा काढला, हरितद्रव्य दाखवायला आणलेला. घरची चिमूटभर हळद स्पिरिटात. पोपटासारखी हिरवी पेटली.

आता शंका नाही. चूक त्यांची आहे. मी केलेली नाही. शोधू देत. इतकी मोठी शास्त्रज्ञ, तिला हळद ओळखता येऊ नये?

१६ ऑक्टोबर

उंदराच्या नसांत हळद नसते. तिला कुठून कळणार. तरी नाही सांगणार.

१७ ऑक्टोबर

हिशेब असा. पुण्यात श्रीदेवीची फजिती होईल. ऋतुजाला कळेल कोणाकडे शिस्त आहे. तो ना-हरकतीचा कागद ती स्वतः फाडेल. मी काही बोलणार नाही. तिच्यासमोर बुडबुड्याची स्लाइड ठेवली तरी तिला समजेल.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज

विरेश आला होता. गुडघ्यांसाठी तेल आणलं.

संध्याकाळी आबासाहेबांचा फोन, नातेपुत्याहून. हे गृहस्थ सहसा फोन करत नाहीत, केला तर ओरडून बोलतात.

"मॅडम, पोरगी म्हनली तुमी छान म्हनला! व्हय का?"

"हो."

"लई रडली ओ. तिची आई घाबरली, म्हनली काय झालं. तर म्हन्ती, मॅडम छान म्हनल्या. मी म्हनलं, आगं मग रडती कशापायी? म्हन्ती, इतक्या वर्सात पयल्यांदा." मग मोठ्यानं हसले. "आमी गावात सगळ्यास्नी सांगितलंय. आता पराग बगून बहार कळनार म्हनून. तुमच्या हवाली केली हाय पोरगी, आमाला काळजी न्हाय."

मी म्हटलं, दिवाळीच्या शुभेच्छा. फोन ठेवला. लाडू तसेच राहिले.

२७ ऑक्टोबर

मी पूर्वी कधीच छान म्हटलं नव्हतं? आठवून बघितलं. "ठीक" म्हटलंय. "चालेल" म्हटलंय. एकदा "आता बरं" म्हटलंय.

पहिल्यांदा म्हटलं ते हे.

३ नोव्हेंबर, सोमवार

कॉलेज उघडलं. श्रीदेवी माझ्या खोलीत आली, स्वतः दोन कप चहा घेऊन. तिला टेबलावर बसायची सवय. बसली.

"सहीचं म्हणत होते गं. करायची तर कर, नाहीतर राहू दे. डिसेंबरनंतर मशीनवर फक्त माझ्याकडं नोंदलेली मुलं बसू शकतात, असं अनुदानवाल्यांचं आहे, म्हणून मीच तिला अर्ज करायला लावलं. ती तयार नव्हती. म्हणाली, मॅडमना काय वाटेल. मी म्हटलं, महेश्वरीला मी ओळखते, ती बघते म्हणेल आणि कागद ठेवून घेईल." आणि हसली. "तू तेच केलंस की."

मी चहा पीत होते. साखर जास्त.

"नाही केलीस तर मी तिला अशीच बसवीन. विचारणाऱ्याला सांगीन, माझी भाची आहे."

तिचा हेवा करायला सोपं गेलं असतं ती लबाड असती तर. हिला मेलीला लबाडीही करता येत नाही.

मग म्हणाली ते लिहायला हात उचलत नाही. पण लिहिते.

"खरं सांगू? त्या चमकणाऱ्या परागाची मला जरा धास्तीच होती. आणखी एका माणसाच्या हातून, दुसऱ्या बागेतल्या फुलांवर करून बघावं म्हणत होते. पण ऋतुजा आली नाचत, मॅडम छान म्हणाल्या. मग म्हटलं, झालं! जिनं एम.एस्सी.ला माझ्या हायड्रिलाच्या पानाच्या स्लाइडला 'ही फेक' म्हणून मला संडासात जाऊन रडायला लावलं, ती छान म्हणते तर आता आणखी कुणाला दाखवायचं? पाठवून दिलं पुण्याला."

कप उचलून गेली. मी फळ्याकडे बघत बसले. फळा कोरा होता.

मला वाटत होतं त्यांनी मला बाजूला ठेवून काम केलं. त्यांनी माझ्या शब्दावर शेवटची तपासणी थांबवली होती.

५ नोव्हेंबर

उद्या सांगते.

६ नोव्हेंबर

नाही सांगितलं. गेले होते. दारातून बघितलं, दोघी पडद्याशी. ऋतुजा पुण्याचं भाषण पाठ म्हणत होती, श्रीदेवी मधेमधे "हळू की गं, गाडी सुटत नाही" म्हणत होती. ऋतुजानं शेवटी दोघींचे आभार मानले. माझं नाव आधी घेतलं. मी परत फिरले.

८ नोव्हेंबर, शनिवार

परिषद शुक्रवारी. आजही गप्प राहिले. कोणासाठी गप्प आहे? श्रीदेवी पडली तर उठेल, तिचं नाव झालेलं आहे. पडेल ती ऋतुजा. पहिलं नाव तिचं. पहिल्याच परिषदेत हळदीची पोरगी म्हणून ओळख झाली की पुसायला जन्म जाईल. आमच्या क्षेत्रात लोक काम विसरतात, फजिती नाही.

हे मला १३ तारखेला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं. बॉबकट जास्त दिसत होता.

११ नोव्हेंबर, मंगळवार

केलं.

सकाळी फुलं यायच्या आधी अंधाऱ्या खोलीत गेले. ऋतुजा हळदीची पुडी उघडत होती. म्हटलं, "आज पूजा नको. साबणानं हात धू. नखं काप." तिला वाटलं काही सुतक-बितक आहे. "कोण गेलं, मॅडम?" म्हटलं, "कुणी नाही. धू."

माझ्यासमोर सकाळच्या फुलांचा नमुना केला. बिनरंगाचा. नळ्या फुटेपर्यंत तिघी बसलो. श्रीदेवीनं दोनदा विचारलं काय चाललंय, मी म्हटलं, बघ. लेझर लावला. नळ्या होत्या, वाढत होत्या, पण काळ्या. चमक नाही.

दुपारी जेवणानंतरच्या फुलांचा नमुना. ऋतुजाला म्हटलं, आता हळदीला बोट लाव, आणि मग पुंकेसर धर. तिला तेव्हाच कळलं. मी बघितलं तिला कळताना. बोट पुडीत घातलं ते बाहेर काढेना. श्रीदेवी म्हणाली, "कर गं, कर, लवकर."

नळ्या फुटल्या. हिरव्या. दिवाळीसारख्या.

मग श्रीदेवी हसायला लागली. खुर्चीवरून घसरेपर्यंत. "अगं आई! जर्मनीत एवढे महागाचे रंग मागवले गं मी! डबाभर हळद न्यायला पाहिजे होती!" डोळे पुसले. फोन उचलून पुण्याला लावला, तिथल्या तिथे सांगितलं, आमचा विषय काढून टाका, नमुना अशुद्ध होता, चूक माझी. माझी म्हणाली. ऋतुजाचं नाव घेतलं नाही.

फोन ठेवून माझ्याकडे वळली. "तुला कधी कळलं?"

ऋतुजा तिथंच होती. खोटं बोलता आलं असतं. परवा रात्री सुचलं, असं.

"तिनं दाखवलं तेव्हाच."

श्रीदेवीचं हसू थांबलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. "हं," म्हणाली. मग, "चला, चहा."

ऋतुजा स्लाइड धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बरं वाटतंय. हे लिहायला लाज वाटते, पण बरं वाटतंय.

ऋतुजा सकाळी आली. डोळे सुजलेले नव्हते. नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. म्हणाली, "बरं झालं मॅडम, पुण्याच्या आधी सांगितलं. नाहीतर नाक कापलं असतं की." म्हटलं, "मी आधीच सांगायला हवं होतं." म्हणाली, "असू दे की." श्रीदेवीसारखंच म्हणाली — असू दे की. आणि आज मला ते टोचलं नाही.

रंगाचे जुने दुपारचे नमुने सगळे चांगले आहेत. धुतलेल्या हातांनी केलेले. सकाळचे परत करावे लागतील, बहार अजून आहे. काम बुडालं नाही.

श्रीदेवीनं डबा आणला होता, मला हाक मारली. गुलमोहराखाली तिघी जेवलो. तिनं भाकरी गुडघ्यावर मोडली, पहिला तुकडा मला दिला. म्हणाली, "घे. वेडी." ऋतुजा हसली. मीसुद्धा. कितीतरी दिवसांनी पोळी न खाता भाकरी खाल्ली, दाताला त्रास झाला.

घरी येऊन ना-हरकतीचा कागद काढला. सही केली. तिला मशीन पाहिजे, मशीन श्रीदेवीकडे आहे, आणि मी कुठे जाते? व्हरांड्यात कपाटं आहेतच माझी. कधी काही दाखवायला येईल.

आज हेवा वाटला नाही. पूर्ण दिवस.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी ऋतुजानं नवा व्हिडिओ दाखवला. मी दोनदा बघितला. बिनरंगाचे नमुने काळे. सकाळच्या नळीत पिशव्या टोकापर्यंत पोचतात, दुपारच्या नळीत निम्म्यात अडकून राहतात. स्वच्छ, निःसंशय. मी म्हटलं, "बरोबर आहे. दोष नाही."

ती उठली नाही. मग हळूच म्हणाली, "खरं की, मॅडम?"

"खरं."

"बरं."

सुपूर्द केलं: ना-हरकत पत्र, सहीनिशी. प्रबंधाची पहिली दोन प्रकरणं. व्हरांड्यातल्या कपाटांच्या किल्ल्या. घेणार: श्रीदेवी.

मी खरं म्हटलं तरी व्हिडिओ ऋतुजानं माझ्याकडून परत घेतला, आणि पुन्हा तपासायला श्रीदेवीकडे दिला.